डावीकडची सीट

माझा कान वर्कशॉपात प्रसिद्ध होता. स्वतःच सांगतोय म्हणून बढाई वाटेल, तर वाटू द्या. चौतीस वर्षं मी बसगाड्यांची इंजिनं ऐकली. फाटकातून गाडी आत यायची, मी तिच्याकडे पाठ करून चहा पीत असायचो, आणि वळून न बघता सांगायचो की दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाजतोय. बाकीचे मेकॅनिक इंजिन खोलून बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. अवघड दुखणं असलं की फोरमन म्हणायचे, ‘बन्सीला ऐकवा.’ दाखवा नाही, ऐकवा. निरोपाच्या भाषणांत माझ्या कामापेक्षा माझ्या कानाचंच कौतुक जास्त झालं, आणि मला ते आवडलं.

तो कान गेला. गेल्या गणपतीत आमच्या मुकुंदवाडीतल्या मंडळानं आरोग्य शिबिर भरवलं होतं. शुगर, बीपी, डोळे, कान. एका पोरीनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि म्हणाली, काका, आवाज आला की दाबा. मी मनात म्हटलं, आता हिला दाखवतोच. सुरुवातीचे आवाज आले, मी दाबलं. मग ती थांबली. मी बटणावर अंगठा ठेवून पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो. बघतोय, बघतोय, तेवढ्यात तिनं हेडफोन काढून घेतले. ‘झालं, काका.’ म्हणजे ती थांबलेली नव्हतीच.

कागदावर आलेख होता. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि मध्य ओलांडला की विहिरीत पाय घसरल्यासारखी खाली जाते. जाड आवाज येतात, बारीक गेले. वयानं होतं असं, मशीन लावून घ्या, पोरगी म्हणाली. मी कागदाची घडी केली आणि घरी येऊन कपाटात, निरोपाला मिळालेल्या शालीच्या आत सारली. कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही आणि दीपमालेला तर नाहीच नाही. दीपमालेच्या गाडीतली डावीकडची सीट मला त्या कानामुळेच मिळाली होती.

दीपमाला आमची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं एक अक्षर ऐकत नाही. कॉलेज तिनं निवडलं, नोकरी तिनं शोधली, लग्नाचा विषय काढला की हेल्मेट घालून बाहेर पडते. दोन वर्षांपूर्वी तिनं वीस वर्षं जुनी एस्टीम आणली आणि घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं इंजिन उतरवलं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, मूळचा कॉम्प्युटर काढला आणि स्वतः प्रोग्राम करता येईल असा बसवला. पेट्रोल किती टाकायचं आणि स्पार्क कधी टाकायचा, सगळं लॅपटॉपवरून ही ठरवणार. मी शेडच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचो. वाटायचं, काहीतरी विचारेल. दोन वर्षं तिनं काही विचारलं नाही. मग इंजिन चालू झालं त्या दिवशी म्हणाली, ‘अण्णा, लॉग घ्यायला बाजूला माणूस लागतं. नॉकिंग ऐकणारं. तुमच्यासारखा कान कुणाचाय?’ मी खुर्चीवरून उठलो तो थेट गाडीत जाऊन बसलो. इतका आनंद मला निवृत्तीनंतर कशाचाच झाला नव्हता. हे शिबिराच्या महिनाभर आधीचं.

काम काय ते सांगतो. एक भाग पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. चढावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला की मात्र पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे हवा साडेबारा-तेरा भागच, नाहीतर इंजिन आतून भाजतं. आमच्या काळात हे आम्ही प्लगच्या रंगावरून ओळखायचो. आता धुराच्या पाइपात एक सेन्सर बसवतात, वाइडबँड म्हणतात त्याला. तो धूर हुंगून हवेचा आकडा सांगत राहतो आणि लॅपटॉप तो लिहून घेतो. तो लॉग. घरी येऊन लॉग बघायचा आणि पेट्रोल कमीजास्त करायचं.

स्पार्कचं मात्र सेन्सरला कळत नाही. स्पार्क एकेक डिग्री अलीकडे, म्हणजे थोडा लवकर, आणत गेलं की ताकद वाढत जाते आणि एका जागी नॉकिंग सुरू होतं. पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टनवर बारीक हातोड्या बसायला लागतात. तो बारीक आवाज आला की मी स्पेसबार दाबायचा, लॉगमध्ये उभी खूण उमटायची, आणि तिनं स्पार्क मागे घ्यायचा. ऐकायचं आणि दाबायचं, बस. शिबिरात मला जमलं नव्हतं नेमकं तेच.

नवा सेन्सर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. तोवर आम्ही गाडी जपून, अंदाजानं फिरवत होतो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा झाल्याशिवाय कुणी त्यांना हात लावत नाही. माझे पाने, दीपमालेचा टॉर्क रेंच, लॅपटॉप, सगळं पाटावर मांडलेलं. सेन्सर बसवण्याआधी त्याचंही एक काम असतं. तो मोकळ्या, स्वच्छ हवेत टांगायचा, तापू द्यायचा आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारी डबी असते तिच्यावरचं बटण दाबायचं. त्या क्षणाच्या हवेला तो खरी हवा धरतो आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापानं देतो. दीपमाला ते सकाळीच उरकणार होती. साळूबाई, माझी बायको, म्हणाली, ‘पूजेच्या आधी काऊन? आरती चालू असताना दाब. मुहूर्ताचं होईल.’

दीपमालेला हसू आलं. ‘मग तूच दाब.’

मी वायरीला धरून सेन्सर पाटावर लोंबता धरला. साळूबाईनं ताटात कापराच्या चार-पाच वड्या पेटवल्या, एका हातानं ताट ओवाळलं आणि दुसऱ्या हाताच्या कुंकवाच्या बोटानं बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ताट बरोबर सेन्सरच्या खाली होतं आणि काळा धूर माझ्या मनगटाला लागत होता. तिथं दोन शहाणी माणसं उभी होती. एकानं आयुष्य इंजिनात घातलेलं, दुसरी मापं तपासायचा पगार घेणारी. दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. दिवा लुकलुकायचा थांबला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढचे चार रविवार आम्ही दौलताबाद ओलांडून खुलताबादकडे चढणाऱ्या घाटात जात होतो, सकाळी साडेसहाला, वेरूळच्या बसेस यायच्या आत. दीपमाला चालवायची. तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत. माझ्या मांडीवर लॅपटॉप. आकडे सुरेख यायचे. पहिल्या रविवारी बारा पॉइंट दोन. ‘पेट्रोल जास्त पडायलंय,’ ती म्हणाली आणि थोडं कमी केलं. लॉगमध्ये माझी एकही खूण नाही म्हणून स्पार्क एक डिग्री अलीकडे आणला. पुढच्या रविवारी पेट्रोल आणखी कमी, स्पार्क आणखी एक डिग्री. पुन्हा खूण नाही. गाडी अशी ओढायला लागली की पाठ सीटला चिकटायची.

मला काय ऐकू येत होतं? इंजिनाची जाड घरघर, टायरचा आवाज, वारा. सगळं स्वच्छ. मी स्वतःची समजूत घातली की नॉकिंग नाहीच, म्हणून ऐकू येत नाही. ही समजूत घालायला मला फार कष्ट पडले नाहीत.

तिसऱ्या रविवारी एका वळणावर दीपमाला म्हणाली, ‘अण्णा, हे काय वाजायलंय?’

मी कान टवकारले. काही नव्हतं. मला ऐकू येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी वर्कशॉपातला आवाज काढला. ‘सायलेन्सरवरचा पत्रा हाय. ढिला झालाय.’

‘नॉकिंग नाय ना?’

‘नॉकिंग मला कळत नाय व्हय?’

आयुष्यात माझं एक अक्षर न ऐकणाऱ्या पोरीनं हे मात्र ऐकलं. घरी आल्यावर गाडीखाली सरपटत जाऊन तिनं तो पत्रा तारेनं आवळला.

चौथ्या रविवारी घाटमाथ्यावर थांबलो. दीपमाला बोनेटवर लॅपटॉप ठेवून आकडे बदलत होती. मी रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या गीताबाईकडे गेलो. दर रविवारी घेत असल्यानं ओळख झाली होती. फळं पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, ‘काका, तुमची गाडी खालच्या वळणावरनंच कळती. डब्यात खडे हलवल्यावानी लई वाजती.’

‘कधीपासून?’

‘दोन-तीन रविवार झाले की. आमच्या कुत्र्याला बी कळती.’

डब्यात खडे. पोरांना नॉकिंग शिकवताना मी स्वतः हेच शब्द वापरायचो. सीताफळं विकणाऱ्या बाईला ऐकू येत होतं, तिच्या कुत्र्याला ऐकू येत होतं, आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या मला येत नव्हतं.

‘अण्णा, चला,’ दीपमालेनं हाक मारली. ‘खाली जाऊन आणखी एकदा चढू. एकच डिग्री वाढवलीय.’

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यासोबत सीट गेली असती, रविवार गेले असते, आणि पुन्हा शेडच्या बाहेरची खुर्ची. मी पिशवी मागे ठेवली आणि डावीकडे जाऊन बसलो. याची मला आज लिहितानाही लाज वाटते.

घाटात तिसऱ्या वळणावर जो आवाज झाला तो मला ऐकू आला. तो जाड होता. फट करून काहीतरी मोडलं, गाडी थरथरली आणि तीन सिलिंडरवर लंगडत कडेला थांबली. मागे निळा धूर. दीपमालेनं तिथंच प्लग काढले. तिसरा प्लग तिनं माझ्या हातात दिला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चांदीचे बारीक ठिपके होते. डोळे माझे शाबूत आहेत. ती चांदी पिस्टनची होती.

एका ओळखीच्या पिकअपला दोर बांधून गाडी घरी आणली. हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनची कड बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी मोडली होती आणि सिलिंडरला उभे ओरखडे. दीपमाला रडली नाही. तिनं तो पिस्टन कापडानं पुसला, बाकावर ठेवला आणि लॉग उघडून बसली. दोन वर्षांच्या संध्याकाळी त्या बाकावर गेल्या होत्या. ‘आकडा बरोबर हाय, अण्णा,’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ‘बारा पॉइंट आठ. माझं गणित कुठं चुकलं?’ मी म्हटलं, बघू. इतकंच.

तिसऱ्या दिवशी तिनं सेन्सर गच्चीवर नेला आणि बॅटरीला जोडून मोकळ्या वाऱ्यात टांगला. मला हाक मारली. ‘अण्णा, हवेत ऑक्सिजन किती असतो?’

‘एकवीस टक्के.’

‘हा सव्वीस म्हणायलाय.’

आम्ही दोघं त्या डबीकडे बघत राहिलो. मग ती पाण्याच्या टाकीजवळ खाली बसली. ‘कापूर,’ ती म्हणाली. ‘आपण त्याला कापराच्या धुरात खरी हवा दाखवली. धुरात ऑक्सिजन कमी, आणि तो त्यालाच पूर्ण धरून बसला. तवापासून पेट्रोल पडतंय त्याहून जास्त दाखवायलाय. बारा पॉइंट आठ लिहिलंय तिथं खरं तेरा पॉइंट दोन व्हतं.’

जिन्यात साळूबाई उभी होती, हातात वाळलेल्या कपड्यांची घडी. तिला आकडे कळले नाहीत, कापूर कळला. ‘म्हंजे म्या केलं,’ ती म्हणाली.

‘आई, तसं नाय,’ दीपमाला म्हणाली.

‘बटण म्याच दाबलं की. पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीला म्याच चूड लावली.’

त्या संध्याकाळी तिनं देवाजवळची कापराची डबी उचलली आणि माळ्यावर टाकली. निरांजन लावलं, आरती केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठायची. दीपमाला समजावत होती, मी समजावत होतो, आणि समजावताना मला माझाच आवाज नकोसा झाला होता. सेन्सरची चूक तिला माहीत नसताना झाली. माझी मला गणपतीपासून माहीत होती.

कापूर माळ्यावर गेल्याच्या चौथ्या दिवशी मी शालीच्या घडीतून कागद काढला आणि शेडमध्ये गेलो. दीपमाला सिलिंडर मोजत होती. मी कागद बाकावर, त्या पिस्टनशेजारी ठेवला. ‘हा माझा लॉग,’ मी म्हटलं.

तिनं हात पुसले आणि वाचला. असले आलेख वाचण्यातच तिचा दिवस जातो, तिला समजावून सांगावं लागलं नाही. रेघ जिथं विहिरीत पडते तिथं तिचं बोट थांबलं.

‘कधीचा?’

‘गणपतीतला.’

‘म्हंजे दसऱ्याच्या आधीचा.’

‘व्हय.’

‘तिसऱ्या रविवारी मी विचारलं व्हतं तुम्हाला.’

‘व्हय. आणि चवथ्याला घाटावर त्या गीताबाईनं बी सांगितलं. तू आकडे बदलत व्हतीस तवा. तरी मी बसलो.’

तिनं तो पिस्टन उचलला आणि मोडक्या कडेवरून अंगठा फिरवला. मग अगदी सावकाश म्हणाली, ‘अण्णा, हवेच्या आकड्यात अर्ध्या पॉइंटाचाबी फरक नव्हता. तेवढ्यानं पिस्टन मरत नाय. स्पार्क मी चार डिग्री अलीकडं आणला तो तुमच्या कानावर. सेन्सर कापरानं खोटं बोलला. तुम्ही कशानं बोललात?’

‘ती सीट जाईल म्हणून,’ मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी जशी होती तशी केली आणि मला परत दिली. ‘आईला सांगा आधी,’ म्हणाली आणि पुन्हा सिलिंडरवर वाकली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

साळूबाई स्वयंपाकघरात होती. तिला सगळं सांगितलं, शिबिरापासून घाटापर्यंत. तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. ‘कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हणून सांगून जाते, तर पाच-पाच शिट्ट्या होऊन डाळीचं पाणी. दोन महिने मला वाटायलं, माझ्यावर कसला तरी राग हाय म्हणून मुद्दाम करता.’ एवढं बोलून तिचे डोळे भरले. ‘आणि चार दिवस मला पापी ठरू दिलंत.’

मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो आणि कापराची डबी खाली आणून देवाजवळ ठेवली. ती म्हणाली, राहू द्या आता तिथंच. संध्याकाळी आरती झाली. दीपमालाही येऊन उभी राहिली, पण माझ्याशी बोलली नाही. ती आठवडाभर बोलली नाही.

इंजिन जानेवारीत पुन्हा उभं राहिलं. सिलिंडर मोठे करून घेतले, चारी पिस्टन नवे. या वेळी मी खुर्ची शेडच्या आत टाकली होती. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं मागितलं तर पाना द्यायचा, नाहीतर गप्प बसायचं. सेन्सरचं काम गच्चीवर झालं, वारा चांगला असताना. दीपमालेनं आईला हाताला धरून वर नेलं. ‘बटण तूच दाब,’ म्हणाली. साळूबाईनं आधी हात धुतले, पदराला पुसले, कुणी काही पेटवलेलं नाही ना म्हणून शेजारच्या गच्च्याही बघून घेतल्या, आणि मग दाबलं. डबीवर एकवीस आले.

पहिल्या रविवारी सकाळी मी गाडीपाशी गेलो आणि सवयीनं डावीकडचं दार उघडलं. सीटवर दीपमाला बसली होती, मांडीवर लॅपटॉप.

‘तिकडनं बसा, अण्णा,’ ती म्हणाली आणि किल्ली माझ्यासमोर धरली. ‘पाय तुमचा चांगलाय. तिसरा गिअर, तळापर्यंत दाबायचा आणि हलू द्यायचा नाय. ऐकायचं माझ्यावर सोडा. मी सोडा म्हणलं की सोडायचं. का म्हणून विचारायचं नाय.’

‘नाय विचारत,’ मी म्हटलं.

दौलताबाद मागे टाकलं. घाटाच्या पायथ्याशी मी तिसरा टाकला आणि पाय दाबला. गाडीनं ओढ घेतली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चौतीस वर्षांच्या सवयीनं मी ऐकत होतो. इंजिन मला नव्या घड्याळासारखं स्वच्छ वाटत होतं, कुठं खोट नाही, कुठं खडा नाही. माझ्यावर असतं तर मी माथ्यापर्यंत पाय तसाच दाबून ठेवला असता.

‘सोडा, अण्णा.’

मी पाय काढला. शेजारी तिनं स्पेसबार दाबला. त्या गाडीच्या लॉगमधली ती पहिली खूण.